वाटपाच्या पलीकडे : मानेखालचा लकवा आणि सहायक साधनांचे शास्त्र

प्रस्तावना

मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली की चारही हातपाय कमीअधिक लुळे पडतात, धडावरचा ताबा सुटतो आणि मानेखालची संवेदना हरवते. वैद्यकात याला क्वाड्रिप्लेजिया किंवा टेट्राप्लेजिया म्हणतात; घरोघरी मात्र ‘मानेखालचं सगळं गेलं’ एवढेच सांगितले जाते. झाडावरून किंवा गच्चीवरून पडणे, विहिरीत पडणे, दुचाकीचा अपघात, उथळ पाण्यात मारलेला सूर ही आपल्याकडची नेहमीची कारणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मज्जारज्जूची इजा घेऊन जगणारी माणसे जगात दीड कोटीहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची इजा मानेतली असते.

या माणसांनी कशावर झोपायचे, कशात बसायचे, घास तोंडापर्यंत कसा न्यायचा, दिवा कसा लावायचा, फोन कसा घ्यायचा, घराबाहेर कसे पडायचे, या प्रश्नांभोवती एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात डॉक्टर आहेत, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट आहेत, अभियंते आहेत. पलंगाची उंची खुर्चीशी जुळवून देणारा सुतार आणि खुर्चीचा निखळलेला पावठा जोडून देणारा वेल्डरही आहे. ही प्रस्तावना तीन वाचकांसाठी लिहिली आहे. पहिली, नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, थेरपी शिकणारी विद्यार्थिनी. दुसरे, मुलाला रुग्णालयातून घरी आणल्यावर पुढे काय करायचे ते न कळलेले आईवडील. तिसरा, ज्याच्या शरीराबद्दल हे सगळे चालले आहे तो स्वतः. मतभेद झाला तर या तिसऱ्याचे मत आधी धरायचे, हा या क्षेत्रातला पहिला नियम.

सहायक साधन म्हटले की आपल्याकडे वाटपाचा कार्यक्रम आठवतो. मंडप असतो, मान्यवर असतात, एकाच मापाच्या चाकाच्या खुर्च्या रांगेत मांडलेल्या असतात. अशा शिबिरांमुळे एरवी जिथे काहीच पोहोचले नसते तिथे साधने पोहोचली, हे नाकारायचे कारण नाही. पण डोळे न तपासता वाटलेल्या चष्म्यांनी जेवढ्यांना नीट दिसेल, तेवढ्याच जणांना मापे न घेता वाटलेली खुर्ची उपयोगी पडेल. साधन मिळणे ही सुरुवात आहे. ते शरीराला, घराला, हवामानाला आणि घरातल्या माणसांना जुळवून बसवणे, आणि काही महिन्यांनी जाऊन ते वापरात आहे का ते पाहणे, हे या शास्त्राचे मुख्य काम. पुढचे सारे विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

काय उरले आहे?

या क्षेत्रातला पहिला प्रश्न ‘काय गेले’ हा नसतो. कोणता स्नायू अजून ऐकतो, हे आधी पाहावे लागते. मानेत मणके सात आणि मज्जातंतूंच्या जोड्या आठ. इजा कितव्या पातळीवर आहे त्यावर पुढची साधने ठरतात, म्हणून रुग्णालयाच्या कागदावरचे ‘सी-४’, ‘सी-६’ हे शब्द घरच्यांनी समजून घ्यायला हवेत.

तिसऱ्या ते पाचव्या पातळीच्या तंतूंवर श्वासपटल चालते. इजा त्याच्याही वर असेल तर श्वासासाठी यंत्र लागते. चौथी पातळी शाबूत असेल तर माणूस बहुधा स्वतः श्वास घेतो, मान वळवतो, खांदे उडवतो. पाचवी शाबूत असेल तर खांदा उचलतो आणि कोपर वाकते. हात तोंडापर्यंत जातो, पण मनगट लोंबते. सहाव्या पातळीवर मनगट वर उचलता येते. सातव्यावर कोपर जोराने सरळ होते, म्हणजे हातांवर भार देऊन पलंगावरून खुर्चीत सरकण्याची शक्यता उघडते. आठव्यावर बोटे मिटू लागतात. मणक्याच्या एका बोटभर अंतरात केवढा फरक पडतो ते यावरून ध्यानात येईल: एकाला ताट पुढ्यात हवे, दुसऱ्याला भरवणारा हात हवा. शिवाय बऱ्याच इजा अर्धवट असतात. एक हात दुसऱ्यापेक्षा बरा असतो, संवेदना ठिकठिकाणी उरलेली असते. म्हणून कागदावरचा आकडा वाचल्यावर प्रत्यक्ष माणूस तपासायचा, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचा.

बधिर कातडी

साधनांच्या यादीत वाचक सर्वांत आधी खुर्ची शोधतो. अनुभवी थेरपिस्ट गादीपासून सुरुवात करतो. एका जागी बसून किंवा पडून राहिल्यावर आपण नकळत कूस बदलतो, कारण कातडी तक्रार करते. ज्याची कातडी तक्रार करत नाही त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, कुल्ह्यांच्या हाडांवर काही तासांत रक्तपुरवठा तुटून जखम सुरू होऊ शकते. हा बेडसोर वरून रुपयाएवढा दिसतो आणि आत हाडापर्यंत गेलेला असू शकतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूची इजा झालेली बहुसंख्य माणसे अशा जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुट्टमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्यांच्या यशाचे मोठे कारण अगदी साधे होते: दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि ती बदलली की नाही ते स्वतः पाहायचे. याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ मध्ये झालेल्या क्रीडास्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक जन्माला आले.

विदर्भाला बधिर कातडीची ओळख मात्र दुसऱ्या वाटेने आधीपासून होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांची सेवा केली. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. न दुखणारी जखमच सगळ्यांत धोक्याची, हे या संस्थांतल्या कार्यकर्त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने कामाला लावत होते आणि बधिर पायांवर दाब नेमका कुठे पडतो याचा अभ्यास करत होते. त्यांच्या सहकारी डॉ. मेरी वर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, नंतर पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी केली. कुष्ठरोगाचे ज्ञान आणि मज्जारज्जूचे ज्ञान एकाच व्यक्तीच्या कामात एकत्र आले, हा भारतीय पुनर्वसनाच्या इतिहासातला लक्षात ठेवण्याजोगा धागा आहे.

आज बाजारात फोमच्या, जेलच्या, हवेच्या कप्प्यांच्या गाद्या आणि उश्या मिळतात. आळीपाळीने फुगणारी-बसणारी एअर बेड नागपुरातल्या औषधी दुकानांतूनही विकली जाते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. तिचा पंप विजेवर चालतो; जिथे वीज वारंवार जाते तिथे इन्व्हर्टर नसेल तर चांगल्या जाड फोमची गादी आणि कूस बदलण्याचे वेळापत्रक जास्त भरवशाचे. दुसरे, कोणतीही गादी कूस बदलण्याच्या कामातून सुटका करत नाही. आणि एक साधन आवर्जून टाळावे: मधे भोक असलेली हवेची गोल ट्यूब. जखमेला आराम म्हणून ती हौसेने आणली जाते, पण कडेच्या दाबाने भोवतालचा रक्तपुरवठा तोडून ती जखम वाढवू शकते. त्याउलट साध्या हातआरशाची किंमत नगण्य आणि उपयोग रोजचा. सकाळ-संध्याकाळ पाठ आणि टाचा पाहायच्या. लाल डाग दाब काढल्यावरही गेला नाही तर त्या भागावर बसणे-झोपणे बंद.

नागपूरचे ऊन

परदेशी पुस्तकांत थोडक्यात उरकलेला, पण नागपुरात एक अख्खे प्रकरण मागणारा विषय म्हणजे उष्णता. मानेतल्या इजेनंतर इजेखालच्या भागाला घाम फुटत नाही आणि रक्तवाहिन्या शरीर थंड करण्याचे काम नीट करत नाहीत. शरीराचे तापमान खोलीच्या तापमानामागे जाऊ लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत झोपलेल्या अशा माणसाला ताप चढतो तो पुष्कळदा जंतूंमुळे नसतो, उन्हामुळे असतो. म्हणून विदर्भात वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर हे चैनीचे यंत्र समजू नये. क्वाड्रिप्लेजिया असलेल्या माणसाच्या घरात ते वैद्यकीय साधन आहे. पाऊस सुरू झाल्यावर हवेतला दमटपणा वाढून कूलर निकामी होतो, तेव्हा पंखा, चेहऱ्यावर व हातांवर फवारायची पाण्याची बाटली आणि मानेवर ओला पंचा कामी येतो. उन्हात उभ्या केलेल्या खुर्चीची रेक्झिनची बैठक बसण्यापूर्वी हाताने तपासायची. हिवाळ्यात उलटा धोका: थंड पडलेल्या पायांना मायेने दिलेला गरम पिशवीचा शेक. पाय भाजतो आणि ज्याचा पाय आहे त्याला कळतही नाही.

उन्हाशीच जोडलेला दुसरा विषय लघवीचा. ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत जॅक लॅपिडस यांनी १९७२ मध्ये मांडली आणि तिने असंख्य मूत्रपिंडे वाचवली. ज्यांची बोटे चालत नाहीत त्यांना मात्र दर चार-सहा तासांनी दुसऱ्याचा हात लागतो. त्या माणसाला त्रास नको म्हणून पाणीच कमी प्यायचे, अशी तडजोड घरोघरी चालते. उन्हाळ्यात तिचा शेवट मुतखड्यात किंवा संसर्गात होतो. मानेच्या पट्ट्याला बांधलेली किंवा खुर्चीच्या दांड्याला अडकवलेली लांब नळीची पाण्याची बाटली स्वस्त आहे. पण खरा प्रश्न नळी कोण आणि किती वाजता घालणार, हा आहे. तो घरात मोकळेपणाने बोलून सोडवावा लागतो.

इथेच एक धोक्याची खूण सांगायला हवी. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा तिच्या वर इजा असलेल्या माणसाला अचानक डोके फुटेल असे दुखू लागले, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटला, तर रक्तदाब झपाट्याने चढत असण्याची शक्यता असते. त्याला लगेच उठवून बसवावे, कपडे व पट्टे सैल करावेत, लघवीची नळी मुडपली किंवा तुंबली आहे का ते पाहावे. कारण सापडले नाही किंवा त्रास थांबला नाही तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. ही तातडीची अवस्था आहे हे सर्वच दवाखान्यांत ओळखले जाईल असे गृहीत धरू नये. एका कार्डावर हे मराठीत लिहून खुर्चीला अडकवलेले असावे. तेही सहायक साधनच.

बैठक आणि रस्ता

घडी घालता येणारी पोलादी खुर्ची १९३३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी बनवली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातात जखमी झालेले, जेनिंग्ज त्यांचे अभियंता मित्र. विजेवर चालणारी खुर्ची दुसऱ्या महायुद्धात मानेला इजा झालेल्या सैनिकांसाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जॉर्ज क्लाइन यांनी घडवली. दोन्ही शोधांच्या मुळाशी विशिष्ट माणसाची विशिष्ट अडचण होती. आज रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिसणारी झोळीसारख्या बैठकीची खुर्ची ही रुग्णाला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात नेण्यापुरती असते. तिच्यात दिवसाचे आठ तास बसणाऱ्याचा कणा वाकडा होतो, एका कुल्ह्यावर भार येतो, श्वासही आखडतो. खुर्चीची रुंदी कुल्ह्यांच्या मापाची, बैठकीची खोली मांडीच्या मापाची, पावठ्याची उंची पायाच्या मापाची, पाठीचा आधार धडाच्या ताब्यानुसार; एवढी चार मापे घेतली तरी निम्मे काम होते.

हाताचा थोडा ताबा असेल तर विजेच्या खुर्चीला जॉयस्टिक पुरतो. तोही नसेल तर हनुवटीने, डोक्याच्या मागच्या बटणांनी किंवा नळीतून श्वास ओढून-सोडून खुर्ची चालवता येते. ज्याला स्वतःचे अंग उचलून दाब हलका करता येत नाही, त्याच्यासाठी बैठकीसकट मागे कलणारी खुर्ची हवी. भारतात आता या दिशेने काम होत आहे. आयआयटी मद्रासच्या पुनर्वसन संशोधन केंद्रातून उभे राहण्याचा आधार देणारी ‘अराइज’ खुर्ची आली, तिथूनच निघालेल्या निओमोशन कंपनीने वापरणाऱ्याच्या मापानुसार जुळवता येणाऱ्या खुर्च्या बाजारात आणल्या.

सरकारी बाजूला १९८१ पासून केंद्राची एडिप योजना आहे आणि कानपूरला १९७२ मध्ये स्थापन झालेली अॅलिम्को ही सार्वजनिक कंपनी साधने बनवते. या योजनेत मोटार लावलेल्या तीनचाकी सायकलींसाठी आणि विजेच्या खुर्च्यांसाठी क्वाड्रिप्लेजिया असलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज करताना या दोन्हींतला फरक ओळखावा. तीनचाकीला हँडल आवळण्याइतकी बोटे आणि तोल सावरण्याइतके धड लागते. पाचव्या पातळीच्या इजेला ती निरुपयोगीच नव्हे, धोक्याची. अशा माणसाने विजेची खुर्चीच मागावी आणि थेरपिस्टकडून तसे लिहून घ्यावे.

खुर्ची घरात आली की घराचे गणित सुरू होते. चढाचा सर्वमान्य उतार एकास बारा. दोन फुटांच्या जोत्यासाठी चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो; तीन फुटांत उरकलेला सिमेंटचा उतार म्हणजे घसरगुंडीच. दार नव्वद सेंटिमीटर मोकळे, खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा. नागपूर मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांवर लिफ्ट आणि डब्यांत चाकाच्या खुर्चीसाठी जागा होती. पण घर ते स्थानक हा टप्पा ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो: फूटपाथची उंची, त्यावर उभ्या केलेल्या दुचाकी, ऑटोत चढवताना दोघांनी काखेत धरून उचलणे. असे उचलण्याने सैल पडलेल्या खांद्याला इजा होऊ शकते. सरकण्याची गुळगुळीत फळी, कमरेचा रुंद पट्टा किंवा घरात हाताने चालवायचा हॉइस्ट ही त्यावरची साधने आहेत, आणि ती उचलणाऱ्याची कंबरही वाचवतात.

हात

सहाव्या पातळीच्या इजेत निसर्गाने ठेवलेली एक युक्ती प्रत्येक विद्यार्थ्याने आधी शिकावी. मनगट वर उचलले की बोटांचे कंडरे ताणले जाऊन बोटे आपोआप थोडी मिटतात. मनगट खाली सोडले की उघडतात. या पकडीने पेला, कागद, मोबाईल धरता येतो. पण घरची मंडळी रोज मालिश करताना मनगट वर धरून बोटे पूर्ण सरळ ताणत राहिली तर कंडरे सैल पडतात आणि ही पकड कायमची जाते. सुरुवातीच्या महिन्यांत हे कोणी सांगितले नाही तर प्रेमापोटीच हाताचे नुकसान होते.

ज्यांच्यात ही पकड नाही त्यांच्यासाठी तळहाताला बांधायचा पट्टा असतो. त्याच्या खिशात चमचा, दातांचा ब्रश, पेन, टायपिंगची काडी बसते. तो चामड्याचा, कापडाचा, वेल्क्रोचा, कसाही शिवता येतो. कडेला उभी भिंत असलेले ताट, वाकवलेल्या दांड्याचा चमचा, दोन कान असलेला कप, ही साधने गावातला कारागीर करून देऊ शकतो. काहींच्या बाबतीत स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या जोडणीच्या शस्त्रक्रियेने कोपर किंवा पकड परत मिळू शकते. त्याची विचारणा वेळेत व्हायला हवी.

हाताच्या या शास्त्राला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकर घराण्यात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळते. हाताच्या पट्ट्याचे माप घेणारी माणसे त्यामुळे आपल्या शहरात आहेत. त्यांच्यापर्यंत रुग्ण पाठवण्याची सवय हवी.

श्वास, आवाज, नजर

हात अजिबात चालत नसेल तेव्हा तंत्रज्ञान दुसरे दार शोधते. १९६० च्या सुमारास स्टोक मँडेव्हिलमध्ये रेग मेलिंग यांनी पाहिले की लुळा रुग्ण परिचारिकेला बोलावण्यासाठी तोंडाने शिट्टी फुंकतो. त्या फुंकरीवर त्यांनी टंकलेखन यंत्र, दिवे आणि घंटा चालवणारी यंत्रणा बनवली. आपल्याकडे खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून जखमी सैनिकांसाठी काम करते. मिग-२१ चे वैमानिक एम. पी. अनिल कुमार १९८८ मधल्या अपघातानंतर तिथे राहायला आले. दातांत पेन धरून ते लिहायला शिकले, पुढे तोंडातल्या काडीने संगणकावर टाइप करत त्यांनी विपुल लेखन केले. त्यांचा एक लेख महाराष्ट्राच्या शालेय इंग्रजी पाठ्यपुस्तकात आला आणि राज्यातल्या मुलांनी तो वाचला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची काडी कोणीही बनवू शकेल अशी होती. ती वापरण्यामागे मात्र महिनोन्‌महिन्यांचा सराव आणि तसा सराव करू देणारी संस्था होती.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या परिषदेसाठी आले. त्यांचा आजार वेगळा, पण शरीराची अडचण तशीच. बोट थकल्यावर ते पुढे गालाच्या एका स्नायूच्या हालचालीने लिहीत, आणि त्यांच्यासाठी तयार झालेली संगणकप्रणाली इंटेलने नंतर सर्वांना मोफत खुली केली. आज डोक्याच्या हालचालीने पडद्यावरचा बाण फिरवणारी मोफत प्रणाली साध्या कॅमेऱ्यावर चालते. २०२४ पासून काही फोनमध्ये नजरेने चालवण्याची सोय मुळातच आहे.

मराठी माणसाच्या दृष्टीने मोठी घटना २०१७ ची: गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आली. ज्याला बोटे नाहीत पण आवाज आहे, त्याला मराठीत निरोप, अर्ज, हिशेब लिहिता येऊ लागले. घरातले दिवे-पंखे आवाजावर चालवणारी उपकरणे हिंदी समजतात. वऱ्हाडी बोलणाऱ्या आजोबांचा उच्चार त्यांना कितपत कळतो, हे दुकानात त्यांनाच बोलायला लावून पाहावे. छातीचे स्नायू गेल्याने आवाज क्षीण असतो, म्हणून तोंडाजवळचा छोटा माइक पुष्कळदा महागड्या उपकरणापेक्षा जास्त फरक पाडतो. मेंदूत रोपण करून संगणक चालवण्याचे प्रयोग माणसांवर चालू आहेत आणि त्यांच्या बातम्या आशा देतात. ते संशोधन आहे. त्याची वाट पाहत आजची काडी, आजचा माइक, आजची गादी लांबणीवर टाकू नये.

माणूस, संस्था, कायदा

साधने कितीही असली तरी मानेखालच्या लकव्यात दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. मग स्वावलंबन कशाला म्हणायचे? अमेरिकेत पोलिओने चारही हातपाय लुळे पडलेले एड रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवनासाठीचे केंद्र काढताना दिलेले उत्तर या क्षेत्राने स्वीकारले आहे: कधी उठायचे, काय घालायचे, कुठे जायचे हे ज्याचे त्याने ठरवणे म्हणजे स्वावलंबन; ते काम कोणाच्या हाताने होते हा पुढचा तपशील. विदर्भाने याचे उदाहरण डोळ्यांनी पाहिले आहे. बाबा आमटे यांना लकवा नव्हता, पण पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते वाहनातल्या बिछान्यावर पडून देशभर फिरले. बसता येत नाही म्हणून प्रवास सोडला नाही. वाहन शरीराला जुळवून घेतले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन याच दृष्टीने वाचावे. त्यांनी १९८४ मध्ये स्थापलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड संस्थेने दाखवले की वापरणाऱ्यांच्या हाती कारभार गेला की इमारतींचे दरवाजेसुद्धा वेगळ्या मापाचे बनतात.

नागपुरातल्या वाचकाने चार दारे माहीत करून घ्यावीत: मेडिकलचे ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी विभाग, मिहानमधल्या एम्सचा पुनर्वसन विभाग, केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र, आणि जिल्ह्याचे दिव्यांग कल्याणाचे कार्यालय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सुगम्यता आणि पुनर्वसन हे हक्काचे विषय केले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. या निधीतून नेहमीच्या वस्तूंऐवजी घराचा रॅम्प, इन्व्हर्टर, योग्य उशी मागता येते का, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. मागणी नेमकी असेल तर देणाऱ्यालाही सोपे जाते.

या क्षेत्रात मराठीत लिहिलेले फार थोडे आहे. कोणत्या पातळीच्या इजेला कोणता पट्टा चालला, कोणत्या सुताराने पलंग कसा बदलला, मे महिन्यात खोली थंड कशी ठेवली, कोणते साधन आणले आणि का पडून राहिले, हे घराघरांत साठलेले ज्ञान एका पिढीबरोबर विरून जाते. विद्यार्थ्यांनी ते मोजमापांसह नोंदवावे. घरच्यांनी आणि वापरणाऱ्यांनी ते सांगावे. वाटप करणाऱ्या संस्थांना एकच विनंती: दहा खुर्च्या कमी वाटा आणि त्या पैशांत मापे घेणारा थेरपिस्ट व दुरुस्ती करणारा कारागीर नेमा. साधन घरी गेल्यावर तीन महिन्यांनी ते पाहायला जा. कोपऱ्यात पडलेले दिसले तर दोष वापरणाऱ्याचा धरू नका. मापे पुन्हा घ्या.